आई बरी आहे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. शेवटचे महिने तो अंथरुणावर होता, घरात आम्ही दोघंच, तेव्हाही नाही. मुलींना नाही. आणि हसू नका, फादरनाही नाही. दर शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्यायला कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकणारी बाई मी. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीत, कोणालाही विचारा, मार्थाबाई शनिवार चुकवत नाहीत असंच सांगतील. खरंच चुकवत नाही. शेजारणीचा हेवा केला ते सांगते, शुक्रवारी वर्ज्य असून मटण खाल्लं ते सांगते, धाकटीवर विनाकारण डाफरले तेही सांगते. एवढं सगळं सांगून उठते, आणि जे सांगायचं ते तसंच घेऊन घरी येते.

म्हणजे, अगदीच सांगितलं नाही असंही नाही. ‘खोटं बोलले’ एवढं सांगितलं होतं. कोणाशी, कशाबद्दल, हे जाळीपलीकडून कोणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोलले नाही. प्रायश्चित्त म्हणून थोड्या नमो मारियाच्या प्रार्थना मिळाल्या. त्या मी तिथल्या तिथे म्हणून टाकल्या आणि वाटेत भाजी घेऊन घरी गेले.

तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर सांगितलं नसतं. मी काही एवढी धीट नाही.

मी नर्स होते. लोक सिस्टर म्हणायचे, पण नन नव्हे, घरसंसारवाली बाई. वडील नगरकडचे मराठी कॅथलिक, रेल्वेत कामाला लागून नागपुरात आले आणि आम्ही तिथल्या खलाशी लाईन वस्तीचेच होऊन गेलो. माझी नोकरी मिलकामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात. कामगारांच्या पगारातून दर महिन्याला विम्याची वर्गणी कापली जायची, मालक त्यात भर घालायचा, सरकार घालायचं, आणि त्यावर आमचा दवाखाना चालायचा. ताप, टीबी, बाळंतपण, मशीनमध्ये सापडलेलं बोट, सगळं तिथेच.

मग गर्भपाताचा कायदा आला. सत्तरीच्या सुरुवातीची गोष्ट. थोड्याच दिवसांत आमच्या दवाखान्यातही त्याची सोय झाली. बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात, अगदी टोकाची खोली. बाईला वेगळं काही द्यावं लागत नव्हतं, विम्यातच व्हायचं.

आमच्या पॅरिशमध्ये त्यावरून केवढी खळबळ झाली! रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, हॉलमध्ये सभा भरली. आमचे बरेच लोक मिलमध्ये होते. त्यातला एक उठला, टोपी हातात धरून म्हणाला, “माह्या पगारातून कापते, अन् त्याच्यातून हे करून राहिले. मले इचारलं का कोणी?” त्याचा प्रश्न मला तेव्हा खरा वाटला आणि आजही खरा वाटतो. ज्याला आपण जीव मानतो, तो काढायला आपल्याच घामाचा पैसा का जावा? हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की म्हातारीचा विश्वास उडाला. तसं काही नाही. त्या खोलीत मी आजही पाऊल टाकणार नाही. माझी कबुली माझ्या विश्वासाबद्दल नाही. त्याच्या आडोशाला बसून मी जे केलं, त्याबद्दल आहे.

त्या सभेत मीही बोलले. लहानपणापासून घरचे म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही. पॅरिशने त्याच जिभेला हार घातला. सरकारला निवेदन द्यायचं ठरलं: कॅथलिक कामगारांची वर्गणी या कामाला वापरू नये, कॅथलिक नर्सला या कामाला जुंपू नये. दवाखान्यातली आतली माणूस म्हणून मला पुढे केलं. रस्त्याने जाताना लोक थांबून बोलायला लागले, चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा राखायला लागले. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

फादर मॅथ्यू आमचे मुख्य धर्मगुरू. मूळचे केरळचे, पण मराठी अगदी जपून, एकेक शब्द तपासून बोलायचे. सभेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. “मार्था, तू त्या कामाला हात लावू नको. तो तुझा हक्क आहे. पण दुसऱ्या बाईसमोरचं दार लावायचा हक्क तुला नाही. आणि खोटं बोलून देवाचं काम होत नसतं.” मी ‘हो फादर’ म्हणाले. मनात म्हटलं, हे मला कशाला सांगतात? मी काय खोटं बोलणाऱ्यांतली आहे?

दवाखान्यात मी मेट्रनबाईंकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं की त्या खोलीत ड्युटी करणार नाही. वाटलं होतं भांडण होईल. त्या म्हणाल्या, “नको करू बाई, तुझा धर्म तुझ्यापाशी,” आणि दिवसा मला वॉर्डातून काढून बायकांच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. म्हणजे गंमत बघा, त्या कामाला माझा हात लागू नये म्हणून मला नेमकं दारात बसवलं. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्यासमोर यायची, काय होतंय ते सांगायची, आणि मी तिला कुठे पाठवायचं ते ठरवायचे.

सुरुवातीला मी नीट वागले. कोणी त्या कामासाठी आली की तोंड वाकडं करून का होईना, कागद पुढे सरकवायचे. निवेदनाला काही उत्तर येत नव्हतं. पॅरिशमधले लोक विचारायचे, “मार्थाबाई, काय झालं? सरकार ऐकणार का?” मी म्हणायचे, “ऐकेल, ऐकेल.”

आणि मग कौसल्या आली.

कौसल्या कोष्ट्याची, तांडापेठेतली. नवरा नामदेव हातमागावर लुगडी विणायचा, गांधीबागेतले व्यापारी ती घ्यायचे. मग ते काम बसलं, माग पडून राहिला, आणि नामदेव त्याच गांधीबागेत कपड्यांचे गठ्ठे उचलायला लागला. कौसल्या मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला लागली. विमा तिच्याच नावाचा. तिचं आधीचं बाळंतपण माझ्याच वॉर्डात झालं होतं. तेव्हाच कळलं की तिचं हृदय अधू आहे. मरता मरता वाचली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत तिला बजावलं होतं की आता पुन्हा दिवस राहू देऊ नको, राहिलेच तर ताबडतोब इथे ये. तेव्हा तिच्या उशाशी मी बसून होते, तिचा हात माझ्या हातात होता. त्यानंतर ती आमच्याकडे औषधाला आली की माझ्यासाठी डब्यात पाटवड्या आणायची. नको म्हटलं तरी खिडकीतून आत सारायची.

त्या दुपारी खिडकीपुढे गर्दी नव्हती. तिने डबा आणला नव्हता, म्हणून मी गमतीने म्हटलं, “काय गं, आज रिकाम्या हाताने?” ती हसली नाही. खिडकीच्या गजांना अगदी चिकटून उभी राहिली.

“सिस्टरबाई, मले दिवस गेले जी. नवरा म्हणते, जा बाई लवकर. मले बी वाटते, अदीचे लेकरं हायेत ना, त्याइचं कोण करन? ते खोलीतलं काम इथंच होते ना? मले पाठवा न मंग.”

मी तिच्याकडे पाहिलं. मला आठवत नव्हतं का, तिच्या हृदयाचं? आठवत होतं. तिथे बसल्या बसल्या सगळं आठवत होतं. मी म्हणाले, “ते आता बंद झालं, कौसल्या.”

“काहून जी?”

आणि मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, “आमच्या लोकांनी अर्ज केला होता. सरकारनं ऐकलं. विम्यातून ते काढून टाकलं. आता सरकारी दवाखान्यात कुठेच होत नाही.”

त्या वेळी मी देवाचा विचार करत होते का? पोटातल्या जिवाचा? असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी हॉलचा विचार करत होते. लोक विचारत होते, सरकार ऐकणार का, आणि सरकार ऐकत नव्हतं. मग मीच सरकार झाले. आमचा विजय झाला असं एका तरी माणसाला सांगावं, आणि समोरच्याने ते खरं मानावं, असं मला वाटलं. समोर कौसल्या होती.

तिने ते खरं मानलं. “असं का जी,” एवढंच म्हणाली. पदर सावरला आणि निघून गेली. मी तिला परत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, नंतरच्या आठवड्यातही नाही. तिचं घर मला माहीत होतं. तांडापेठ काही सात समुद्रांपलीकडे नाही, सायकलरिक्षाने जाता आलं असतं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी सरळ घरी जायचे.

मिलमधल्या बाया तिला सांगत होत्या की अगं, चालू आहे, जाऊन तर बघ. हे मला नंतर नामदेवने सांगितलं. ती त्यांनाच म्हणाली, “सिस्टरबाई तिथंच बसते, तिले ठाऊक नाही तं तुमाले ठाऊक?” माझ्या शब्दावर तिचा इतका भरवसा होता.

सातव्या महिन्यात तिला आणलं. पाय सुजलेले, धाप लागलेली, आडवं होता येत नव्हतं. वॉर्डात नर्सा कमी पडल्या की मला तिथे पाठवत, तसं त्या दिवसांतही पाठवलं. तिची खाट व्हरांड्याच्या बाजूला होती. उशांना टेकून ती दिवसभर बाहेर बघत बसायची. टोकाची खोली तिथून सरळ दिसायची. बायका आत जायच्या, बाहेर यायच्या. मी तिला औषध द्यायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, “चालूच हाये ना जी ते?”

मी औषधाचा प्याला तिच्या ओठांना लावला. तिने औषध घेतलं. पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, तिचा केसपेपर बघून भडकल्या. “तुला मी बजावलं होतं ना? वेळेवर का नाही आलीस?” मी ट्रे धरून मागेच उभी. आता सांगेल, मला वाटलं. बोट दाखवेल. माझी नोकरी गेलीच. कौसल्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. तिने अगदी साधं पाहिलं, आधी पाहायची तसंच. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “मीच भेली जी. माहंच चुकलं.”

आणि मी, तुम्हाला काय सांगू, मी सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं, तर सुटले.

मुलगी झाली. लहानशी, पण चांगली रडली. कौसल्या त्याच दिवशी गेली. तिला मुलगी दाखवली होती, एवढं खरं. नामदेव पायरीवर बसला होता. त्याला जाऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. त्याने माझे पाय धरले. म्हणाला, “तुमी लय केलं जी तिच्यासाठी.”

इथे थांबले असते तरी मी पापीच. पण मी थांबले नाही.

पुढच्याच महिन्यात हॉलमध्ये मोठी सभा होती. बाहेरगावाहून पाहुणे आले होते. वर्गणीचा प्रश्न अजून लटकलेला, लोक दमलेले. फादर म्हणाले, मार्था, दवाखान्यातला काही अनुभव सांग, लोकांना धीर येईल. मी उठले. जिभेला हाड नाही! मी सांगितलं की एक मिलकामगार बाई खिडकीवर आली, आजारी होती, घाबरलेली होती. मी तिच्याशी पुष्कळ बोलले, तिला समजावलं. तिने विचार केला आणि आपल्या मनाने परत गेली. आज तिला मुलगी आहे, छान आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “आणि आई?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, “आई बरी आहे.”

टाळ्या वाजल्या. फादर मॅथ्यूंनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली. दुसऱ्या दिवसापासून ते मिस्सेत त्या अनामिक आईसाठी प्रार्थना करू लागले. ‘मिलमधल्या त्या धाडसी आईच्या आरोग्यासाठी आणि दीर्घायुष्यासाठी.’ आणि आम्ही सगळे मोठ्याने म्हणायचो, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मी पुढच्या बाकावरून म्हणायचे.

तुम्ही आमच्यातले नसाल तर याचं काय एवढं, असं वाटेल. पण आमच्यात नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. घरोघरचे लोक आपल्या माणसांची नावं फादरना देतात, त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा होते. मेलेल्या माणसाला स्वतःसाठी काही करता येत नाही, ते आपणच करायचं असतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी आईबापांचं नाव देते, आता नवऱ्याचंही देते. कौसल्याचं कधी दिलं नाही. फादरांनी विचारलं असतं ना, ही कोण? कधी गेली? कशाने? म्हणून ती आमच्या चर्चमध्ये जिवंतच राहिली. तिच्या शांतीसाठी कोणी एक शब्द म्हटला नाही, आणि तिच्या दीर्घायुष्यासाठी मात्र सगळं चर्च गुडघ्यांवर.

निवेदनाचं उत्तर कधीच आलं नाही. हळूहळू लोक विसरले.

कौसल्याची मुलगी, तिचं नाव शोभा, आता दहावी पास झाली. नामदेव तिला लहानपणापासून माझ्याकडे आणायचा. ‘ह्याच तुह्या मावशी, तुह्या मायचा हात यायनंच धरला होता.’ मी तिला कधी फ्रॉक शिवून द्यायचे, कधी गणित सांगायचे. माझ्या मुली म्हणायच्या, आईचा हिच्यावरच जास्त जीव. त्याला जीव म्हणतात की काय म्हणतात, मला ठरवता आलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती भर दुपारी एकटीच आली. डोळे सुजलेले. घरात भांडण झालं होतं आणि कोणीतरी बाई बोलून गेली होती. “मावशी, खरं सांग वं. मी नको होती का आईले? माह्यापायी मेली का ते?”

किती सरळ विचारलं तिने! सांगायचंच असतं, तर ती वेळ होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, “वेडी आहेस का? डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, मला हे लेकरू पाहिजेच. तुझ्या आईनं तुला मागून घेतलं.”

शोभा खूप रडली, मग हसली. त्या दिवसापासून ती बदलली आहे, ताठ चालते. आईचा एक जुना मिलच्या ओळखपत्राचा फोटो होता, तो तिने मोठा करून घेतला आणि भिंतीवर लावला. आणि आता म्हणते, नर्स व्हायचं. मावशीसारखं. विम्याच्या दवाखान्यातच नोकरी करायची, आईसारख्या बायांची सेवा करायची. फॉर्म भरायला मीच तिच्यासोबत गेले होते.

तिला खरं सांगितलं तर? तिच्या पायाखालची जमीन मी काढून घ्यायची? आणि नाही सांगितलं तर कौसल्याचं काय? ती तर त्या खिडकीपाशी आपल्या लेकरांकडे परत जाता यावं म्हणून आली होती. आईला हे लेकरू पाहिजेच होतं असं मी तिच्या तोंडी घातलं, आणि तिचे खरे शब्द पुसून टाकले. ‘अदीचे लेकरं हायेत ना, त्याइचं कोण करन?’ हे ती म्हणाली होती. त्या खिडकीपाशी तिच्या तोंडून हे ऐकणारी मी एकटीच होते.

फादर मॅथ्यू फार थकले आहेत. म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या घरात असतात, दिसत नाही, माणसं आवाजावरून ओळखतात. मी रविवारी भेटायला जाते. बरंचसं विसरलेत, पण एक प्रश्न विसरलेले नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, “मार्था, ती मिलमधली आई? तिची तब्येत कशी आहे? मी रोज नाव घेतो हं तिचं. नाव माहीत नाही, पण घेतो.”

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. जाळी नव्हती, रांग नव्हती, मागे थांबलेलं कोणी नव्हतं. हात त्यांच्या हातात होता. मी म्हणाले, “बरी आहे, फादर.”

ती बरी नाही. तिचं नाव कौसल्या. ती माझ्या वॉर्डात मेली. खोली उघडी होती, आणि मी तिला बंद आहे म्हणून सांगितलं.